पळणारे तिघं, घाबरणारा मी

मित्रांमध्ये एक जण घाबरट असला की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या भोकरदनच्या टोळक्यात ते काम माझ्याकडे होतं. माझं मेडिकलचं दुकान. औषधं विकून विकून मला चालत्याबोलत्या माणसातही रोगच दिसायचा!

बाकीचे तिघं म्हणजे मार्केट यार्डात आडत असलेला रावसाहेब, खेड्यापाड्यांत सायकलवर टपाल वाटणारा इल्यास आणि शाळेत पीटी शिकवणारे गवळी सर. पाचवा भानुदास. तो आदल्या वर्षी गेला. छातीत दुखतंय म्हणाला, आम्ही जीपमध्ये घातला, पण जालना येईपर्यंत संपला. वय बेचाळीस. आमच्या धर्मादाय दवाखान्यात तेव्हा ईसीजीचं मशीन नव्हतं. त्या मशीनसाठी देणग्या मिळाव्यात म्हणून जानेवारीत दौड काढायची, असं आम्ही ठरवलं.

ठरवलं खरं, पण माझी झोप उडाली. भानुदाससाठी पळता पळता आपल्यातलाच कुणी गेला तर?

* * *

पहिल्या सरावाला रावसाहेब आला तो बनियन, शर्ट, स्वेटर, कोट, मफलर आणि वर माकडटोपी घालून. पोट तेवढं बाहेर.

"थंडी छातीत बसंल ना!" म्हणाला.

शंभर पावलांवर त्यानं मफलर माझ्या हातात दिला. पुढच्या बाभळीपाशी कोट. नाल्यापाशी स्वेटर. शेवटी ते तिघं मोकळे पळत होते आणि मी रावसाहेबाचं अख्खं कपाट काखेत घेऊन मागे धापा टाकत होतो.

गवळी सरांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "घाम फक्त तुम्हालाच आला. दौडीचा फायदा तुम्हालाच होणार!"

* * *

एकदा धुक्यात राजूर रस्त्यानं पळत होतो. पहाटे लाइट आली म्हणून शेतकरी गव्हाला पाणी द्यायला आले होते. चार बाप्ये जीव खाऊन पळताना पाहिले आणि तेही खोरी टाकून आमच्यामागं पळत सुटले! दोघं, मग पाच, मग दहा. एक म्हातारेबाबा काठी टेकत टेकत सगळ्यांच्या शेवटी.

आम्ही थांबलो तेव्हा बाबा आमच्यापाशी पोचले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं रे?"

"कोणी न्हाई बाबा. तब्येतीसाठी पळून राह्यलो," रावसाहेब म्हणाला.

बाबांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तब्येत बिघडली तं दवाखान्यात जावा ना! रानात कशाला पळता?"

सगळे हसले. मला मात्र बाबांचं म्हणणं अगदी पटलं होतं!

* * *

सरावानंतर मी प्रत्येकाशी हात मिळवायचो. शाबासकीसाठी नाही. बोट हळूच मनगटावर ठेवून ठोके मोजायचो. आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक दिवस इल्यासनं हात सोडवूनच घेतला. "यार मेडिकल, तू हात मिळवून राह्यला की नाडी बघून राह्यला?"

मी कबूल केलं.

"मंग सांग ना, जिंदा आहे का मी?"

* * *

कुणी कोसळलंच तर काय करायचं, याची तालीम झाली पाहिजे असा मी हट्ट धरला. स्ट्रेचर नव्हतं म्हणून बाज आणली. पेशंट रावसाहेब. तिघांनी आणि दौडीसाठी ठरवलेल्या जीपवाल्यानं मिळून बाज खांद्यापर्यंत उचलली आणि मधल्या सुतळ्या काडकाड तुटल्या. पेशंट खाली!

कंबर धरून रावसाहेब ओरडला, "दौडीनं न्हाई मरायचो मी, ह्याच्या तयारीनं मरीन!"

त्याला चार दिवस मलम चोळावं लागलं. मीच दिलं, फुकट.

* * *

आता दौडीचा दिवस. म्हणजे खरं तर आदली संध्याकाळ. जालन्याहून एक डॉक्टर आले होते, शाळेच्या खोलीत सगळ्यांचं बीपी तपासत होते आणि पास झालेल्यांच्या पळायच्या चिठ्ठ्या नंतर माझ्याकडे देणार होते. तपासल्याशिवाय कुणी पळायचं नाही, हा नियम माझाच. तो मीच एका माणसासाठी मोडला. इल्यास म्हणाला, "मला काय तपासतो?" आणि मीही म्हणालो, खरंय, रोज गावोगाव सायकल हाणणाऱ्याला काय धाड भरलीय! मग मी केळी आणायला गेलो.

परत आलो तर डॉक्टर गंभीर. "तुमच्या रावसाहेबांचं बीपी दोनशेच्या वर आहे. उद्या एक पाऊलही पळू देऊ नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या."

पण रावसाहेबाला कसं सांगायचं? धक्क्यानंच जायचा! म्हणून मी वहिनींना गाठलं. वहिनींनी त्याचे बूट लपवले.

सकाळी 'भोकरदन ८' लिहिलेल्या दगडापाशी रावसाहेब चपला घालून, चिडून हजर. दौड सुटली की तसाच जालन्याला न्यायचा, असं ठरवून मी त्याला गोडीगुलाबीनं जीपमध्ये बसवलं. शिट्टी झाली. इल्यास पहिल्यापासून सगळ्यांच्या पुढे, धुक्यात दिसेनासा झाला.

"रातच्या पिठल्यात मीठच न्हवतं," रावसाहेब कुरकुरला. "हिला काय झालंय, काही कळंना."

मला राहवेना. त्याचा हात हातात घेऊन मी सगळं सांगून टाकलं. तो मोठ्यानं हसला. आणि मग हसू एकदम थांबलं.

"मेडिकल, त्यो हात माझा न्हवता."

"म्हणजे?"

"हे पोट पाहून डाक्टर मला दौडीतून काढून टाकंल म्हणून मी गेलोच न्हाई. माझ्या नावावर इल्यासला बसवलं व्हतं."

आम्ही दोघंही एकदमच ओरडलो, "जीप हाण!"

मैलभर पुढे इल्यास दिसला. मी बाहेर लोंबकळून ओरडलो, "थांब! इल्यास, थांब!" ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. इल्यासला वाटलं, आम्ही त्याचा हुरूप वाढवतोय. त्यानं हसून हात हलवला आणि वेग वाढवला! तेवढ्यात कापसाच्या गाड्या आडव्या आल्या आणि जीप अडकली.

रावसाहेबानं उडी मारली. चपला तिथंच राहिल्या. गाड्यांच्या मधून वाट काढत, पोट सावरत, थंडीत अनवाणी तो जिवाच्या आकांतानं पळाला. तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्याच्या मागोमाग मी. एवढा घाबरलेला मी आयुष्यात कधीच नव्हतो.

इल्यासनं मागे वळून पाहिलं आणि थबकला. तसाच मागे फिरून पळत आला, रावसाहेबाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि खेकसला,

"येडा झाला का रे! बीपीचा पट्टा माझ्या हाताला बांधला व्हता, तुझ्या न्हाई! तुझ्या नावाची पळायची चिठ्ठी मिळाली म्हणून खरंच पळून राह्यला व्हय? बैठ खाली, मरशील ना!"