सगुणा, वय वीस

रोझी वैरागर नगरच्या एका दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात, एकतीस वर्षं आया होती. बाळ जन्मलं की त्याच्या मनगटाला पट्टी बांधायची आणि पट्टीवर आईचं नाव लिहायचं, हे तिचं काम. बाप बाहेर फोनवर पाहुण्यांना कळवत असायचा, तोवर आत लेकरू आईच्या नावानं नोंदलेलं असायचं. ज्याच्या आईचं नाव ठाऊक नाही असा माणूस रोझीताईच्या हिशेबात बसतच नाही.

रिटायर झाल्यावर ती पारनेर तालुक्यात आपल्या गावी, लोणमाळला, राहायला आली. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना स्वतःचं रेशनकार्ड मिळवून देण्याचं काम मी करते. त्या कामात तिची माझी गाठ पडली. तहसीलातला कारकून आवाज चढवायला लागला की मी उठायच्या आधी रोझीताई उठते. म्हणून आमचं जमतं.

लोणमाळच्या चर्चला यंदा दीडशे वर्षं झाली. पंचांनी ठरवलं की पहिल्या विश्वासणाऱ्यांची नावं कोरून दाराशी फरशी बसवायची. यादी सभेत वाचली. अकरा नावं, सगळे बाप्ये. पहिलं नाव रंभाजी वैरागर, म्हणजे रोझीताईचा खापरपणजोबा. तिचा धाकटा भाऊ शलमोन पंच आहे, त्याची छाती तेव्हा वीतभर फुगली असणार.

रोझीताई उभी राहिली. "अकरा बाप्यांनीच चर्च उभं केलं व्हय? त्यांच्या भाकरी कोन थापत हुतं?"

बायका हसल्या. शलमोन म्हणाला, "आक्का, तू बस ना. वहीत जे हाय तेच लिहिलंय."

चर्चचे तरुण पाळक, इमॅन्युएल, सरळ माणूस. ते म्हणाले, "ताई, एका जरी बाईच्या नावाची नोंद आणलीत तर मी कोरून घेईन. पण लेखी पाहिजे. आणि पंधरा तारखेला यादी कारागिराकडे जाते."

हातात अकरा दिवस होते.

रोझीताईला तिच्या आत्यानं लहानपणी एवढंच सांगितलं होतं, की तुझी खापरपणजी डोक्यावर पुस्तकाचं गाठोडं घेऊन वाड्यावस्त्यांवर जायची आणि बायकांना अक्षरं शिकवायची. नाव आत्यालाही माहीत नव्हतं. 'रंभाजीची बायको' एवढंच. बाई मैलोन्‌मैल चालली, दुसऱ्यांना नाव लिहायला शिकवलं, आणि तिचं स्वतःचं नाव घरात एकालाही सांगता येत नाही! मला राग आला. मी म्हटलं, चल, वही बघू.

बाप्तिस्म्याची वही मोडीत नाही, बाळबोध अक्षरात आहे, त्यामुळं वाचता येते. सन १८७६, मार्च महिना. नाव, वय, गाव, शेरा असे चार रकाने. दहा पुरुषांच्या शेऱ्यात एकच शब्द, 'पत्नीसह'. रंभाजीपुढचा शेरा कोरा.

"लिहिणारा विसरला असंल," रोझीताई म्हणाली. "आमच्या घरात सगळे असंच म्हणतात. नवरा आला म्हंजी बायको आलीच असनार."

"दहा जणांचं लिहिलं आणि पहिल्याचंच विसरला? ती त्या दिवशी त्याच्याबरोबर नव्हती, रोझीताई."

"मग कुठं हुती?"

आता हे मला पुस्तकातून नाही, तहसीलातून माहीत. नवऱ्याच्या कार्डावर बाईचं नाव सापडत नसेल तर मी दुसरीकडे डोकं चालवत नाही, सरळ तिच्या बापाचं कार्ड मागवते. बाई एकटी पडली की कागद तिला माहेरी ढकलतो. मी विचारलं, "खापरपणजीचं माहेर कुठलं?"

रोझीताईनं वही मिटली. मग म्हणाली, "आत्या दगडसांगवीच्या जत्रंला मामाचं गाव म्हनायची. आमचा तिथं कुनी मामा न्हाई."

दगडसांगवी वीस किलोमीटर. एसटी गेलेली होती, मग कांद्याच्या टेम्पोत पुढं बसून निघालो. रस्त्यात ती म्हणाली, "तुमच्या लोकांनी तरी बायांची नावं ठिवली का गं, दीपे? तुमचं तर परवाचंच, छप्पन सालचं."

"माझी आजी सुमनबाई, तीन पोरं घेऊन दीक्षेला गेलेली. फोटो हाय घरात. आजोबा मधोमध हायेत, आजीचा नुसता कोपर दिसतोय."

"कोपर तरी हाय," रोझीताई म्हणाली. टेम्पोवाला हसला, आणि मग आम्हीही.

दगडसांगवीच्या चर्चच्या वह्या नॅथनबाबा सांभाळतात. वय ऐंशीच्या पुढं, पेटीची किल्ली गळ्यात. म्हणाले, "आधी हात धुवा." रोझीताईनं दवाखान्यातल्यासारखे कोपरापर्यंत धुतले. म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. मला परत धुवायला लागले.

१८७६ चं पान पाहिलं, काही नाही. पंच्याहत्तर, काही नाही. १८७४ च्या पानावर रोझीताईचं बोट थांबलं. ती मनात वाचत होती, मी मोठ्यानं वाचलं.

'सगुणा, वय २०. भ्रतार रंभाजी, वस्ती लोणमाळ. धर्म ऐकू लागली सबब भ्रताराने घराबाहेर घातली. बापाकडे राहते. वाचता येते.'

खाली वेगळ्या शाईत अजून एक ओळ होती. 'सन १८७६, मार्च. लोणमाळ मंडळीस पाठविली.'

म्हणजे त्यानं हाकलली, ती दोन वर्षं माहेरी राहिली, आणि तो बाप्तिस्म्याला पाण्यात उतरला त्याच महिन्यात नांदायला परत गेली. मधल्या दोन वर्षांत काय झालं, कोण कुणाकडं आलं, वही सांगत नाही. मीही सांगणार नाही.

"सगुणा," रोझीताई म्हणाली. परत एकदा म्हणाली. मग मोबाईल काढून पानाचे चार फोटो घेतले.

खरी अडचण पुढंच होती. शलमोनला फोटो दाखवला तेव्हा तो अंगणात शेळीला पाला टाकत होता. त्यानं वाचलं, मोबाईल परत दिला आणि म्हणाला, "नाव लाव. मी आडवा येत न्हाई. पन रंभाजीच्या खाली लाव, 'पत्नी सगुणा' म्हनून. आन्‌ ते बाहेर घातल्याचं कुठं बोलू नको."

"का?"

"का म्हंजी? दीडशे वर्षं गाव त्याच्या नावानं आपल्याला मान देतंय. आता लोक म्हनतील, वैरागरांचा मूळपुरुष बायकू हाकलनारा हुता."

"हुताच की."

"आक्का!"

"ती त्याच्या आधी दोन वर्षं आली, शलमोन. धर्मापायी ती घराबाहेर गेली. खाली कशी लावू?"

मी मध्ये तोंड घालणार होते. रोझीताईनं हातानं गप्प केलं. त्या दोघांचं होतं ते.

चौदा तारखेला, रविवारी, उपासना संपल्यावर सभा बसली. रोझीताईनं नोंद पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली, 'घराबाहेर घातली' सुद्धा. आवाज साधा ठेवला. पाळक म्हणाले, सालाप्रमाणं हे नाव पहिलं येईल. त्यांनी कागदावर लिहायला घेतलं, 'सगुणा, रंभाजी वैरागर यांची पत्नी.'

शलमोन ताडकन उठला. मला वाटलं, झालं, आता भांडण.

"ते खोडा," तो म्हणाला. "चौऱ्याहत्तर साली त्यानं टाकली हुती तिला. तेव्हा ती कुनाची पत्नी? नुसतं सगुणा लिहा." आणि बहिणीकडं न बघता खाली बसला. मान लाल झालेली.

निघताना रोझीताईनं त्याच्या शर्टाची वळलेली कॉलर मागून सरळ केली, एवढंच.

फरशी बसली. वर 'सगुणा, १८७४', खाली रंभाजी आणि बाकीचे दहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रोझीताईनं नाही. तिचं लक्ष खालच्या दहा नावांवर होतं.

"दीपे, बघ की. त्या धा जनी नवऱ्याचा हात धरून आल्या, त्यांचं 'पत्नीसह' झालं. जिला हाकलली तिचंच तेवढं नाव ऱ्हायलं."

मी ती दहा नावं कागदावर उतरवून घेतली.

आता ती लोणमाळच्या जुन्या घरांत जाऊन म्हाताऱ्यांना एकच विचारते, तुमच्या खापरपणजीचं माहेर कुठलं. दहापैकी तीन गावं कळली आहेत. पहिलं अकोले तालुक्यात, डोंगरात आहे. बुधवारी निघतोय. शलमोन म्हणाला, जीप मी बघतो.