मागच्या सीटचं वजन

माझ्या धाकट्या दिराला सगळे गादीवाला म्हणतात. गाद्या त्याने जन्मात शिवल्या नाहीत. तो मोटरसायकलचे मागचे शॉकअप बसवतो, आणि त्याच्या हातून गेलेली गाडी खड्ड्यातून गादीवरून गेल्यासारखी जाते, म्हणून ते नाव. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं गॅरेज. माझं स्वयंपाकघर आणि त्याचं ग्रीस यांच्यात एक पडदा, तोही अर्धा. मी या घरात आले तेव्हा तो माझ्या कमरेला लागायचा आणि तेव्हाही काहीतरी खोलूनच बसलेला असायचा. माझी शिवणाची मशीन त्याने दोनदा खोलली. जोडलीही, पण एखादा स्क्रू उरायचाच. पुढे स्क्रू उरायचा बंद झाला आणि लोक पैसे देऊ लागले.

बोलणं मात्र मोजकं. बायको मिळाली ती त्याच्या वाटचंही बोलणारी. अंगाने भरलेली, हसली की पलंग हलायचा. गाडीवर मागे बसली की म्हणायची, "बघा जाऊबाई, गाडीसुद्धा मला वाकून नमस्कार करते." मग हा आकड्याचा पाना घेऊन खाली बसायचा आणि स्प्रिंगवरची कडी फिरवून सगळ्यात कडक खाचेत नेऊन ठेवायचा.

"अहो, त्या तालमीतल्या पहिलवानालाही एवढी कडक लागत नसेल."

"नाही लागत," हा म्हणायचा. त्यांच्या संसारातलं सगळ्यात लाडाचं बोलणं हेच.

मग तिच्या हाडांत दुखणं शिरलं. हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बंद गाडीत बसलं की तिला उलटी व्हायची, बसच्या पायऱ्या चढवेनात. उरली मोटरसायकल. तुम्हाआम्हाला खड्डा म्हणजे एक शिवी हासडण्यापुरता. तिला तो कमरेपासून दातांपर्यंत कळायचा. औषध डॉक्टर देत होते, डबा मी देत होते. तिला न दुखवता तिथवर नेणं, एवढंच काय ते दिराच्या हातात होतं.

निघायच्या आधी तो गाडी तिच्या अंगाला लावून घ्यायचा. दोघं गाडीवर बसायची आणि मी मागच्या चाकाच्या नटापासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप धरायची. वजनाने गाडी किती खाली बसते, त्यावरून खाच ठरते. माणूस हलका झाला आणि स्प्रिंग कडकच राहिली, तर ती माणसाला वर फेकते. नको तितकी मऊ केली तर मोठ्या खड्ड्यात तळाला आपटते, ते तर त्याहून वाईट.

पहिल्यांदा त्याने एक खाच उतरवली. पुढच्या वेळी त्याने पुन्हा पाना घेतला तेव्हा ती म्हणाली, "परत?"

"रस्ता खराब झालाय."

रस्ता तोच होता. त्या दिवशी तो जेवला नाही. ताट तसंच परत गेलं, ते तिने पाहिलं.

त्यानंतर टेपवरचा आकडा हलेचना. मी वाचायची, तो मान हलवायचा आणि दोन घास जास्त जेवायचा. "अंग धरतंय," मला म्हणाला. तिच्या कपड्यांना मी सारखी आत टीप घालत होते, पण आकडाही मीच वाचत होते. शिवाय गाडीवर चढवताना ती जड लागायची. मला वाटे, दुखण्याने अंग टाकतेय. त्याच दिवसांत माझा लोखंडी बत्ता सापडत नव्हता, त्याची कटकट वेगळीच.

परत यायची ती मात्र राखेसारखी. "दुखलं का गं?" "छे, ऊन लागलं." पण वाटेत गाडीच्या आरशात दिराला तिचा चेहरा दिसायचा.

आकडा बरोबर, खाच बरोबर, म्हणजे दोष शॉकअपचा, असं त्याने धरलं. गाडी डबल स्टँडला लावली, खाली लाकडी ठोकळा सारला. वरचा बोल्ट निघाला, खालचा गंजलेला, तो हातोडीने. एका मोडलेल्या भारी गाडीचा शॉकअप त्याने जिवापाड जपला होता, तो चढवला. त्याच्या बुडाशी एक स्क्रू होता. दाबलेली स्प्रिंग किती सावकाश परत यावी, ते त्यावर ठरतं. सीट दाबायची, सोडायची, स्क्रू जरासा फिरवायचा, परत दाबायची. सगळी दुपार तेच चाललं होतं. गाडी उसळून नव्हे, झोपेतून उठल्यासारखी वर यायला हवी होती, आणि तशी ती आली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात तिला उतरता येईना. तिथल्या दोघांनी उचलून घेतलं. घरी येऊन हा पायरीवर बसला. "माझा हात गेला, वहिनी." अख्ख्या आयुष्यात त्याने माझ्याजवळ केलेली तक्रार ही एवढीच.

पुढच्या फेरीला मापं झाली. तिच्या गळ्यात फाईलची नेहमीची कापडी पिशवी होती. मापं झाली की ती काढून ठेवायची आणि फाईल तेवढी घेऊन निघायची. पिशवीला मला कधी हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी उतरताना तिचा तोल गेला. याने धावून तिला सावरलं आणि पिशवी काढून घेतली. हात त्या वजनाने एकदम खाली गेला.

आतून जुनी इस्त्री निघाली, गॅरेजमधलं झिजलेलं दातेरी चाक निघालं आणि माझा बत्ता.

"अगं, हा मी सगळीकडे शोधला," मी म्हणाले. दुसरं काय सुचणार.

ती त्याच्याकडे बघत होती. "तुम्ही जेवत नव्हता."

त्याने पिशवी बाजूला ठेवली. तिला पुन्हा मागे बसवली, स्वतः पुढे बसला. "वहिनी, वाच."

मी वाचलं.

"परत वाच."

परत वाचलं. मागे कोणी बसलंय असं गाडीला वाटतच नव्हतं. तो उतरला आणि कडी फिरवत राहिला, ती अडेपर्यंत.

"याच्या खाली?" तिने विचारलं.

"याच्या खाली खाच नाही."

दोघं गेली. परत आली तेव्हा ती म्हणाली, "आज वाटेत झोप लागली, जाऊबाई." तिच्या कपाळावर त्याच्या शर्टाच्या शिवणीचा वळ उठला होता. त्यानंतर ती फार वेळा गेली नाही. गेली तेव्हा मात्र झोपून गेली.

परवा मला डोळे दाखवायला जायचं होतं. तीच गाडी. ती गेल्यापासून मागे कोणी बसलं नव्हतं, आता मी. पहिल्याच गतिरोधकावर शॉकअप तळाला आपटला. याने गाडी बाजूला घेतली, पाना काढला, उकिडवा बसला आणि पान्याचा आकडा कडीत अडकवला. कडी अजून तिच्याच खाचेत होती; ती न फिरवता नुसता बसून राहिला.

"वहिनी, चालशील थोडं?"

"चालते की. पाय आखडलेत नाहीतरी."

तो बंद गाडी ढकलत होता, मी शेजारून चालत होते. वाटेत पंक्चरवाल्याने हाक मारली, "काय गादीवाले, तुमचीच बंद पडली?"

तो गाडी ढकलतच राहिला, तेव्हा मीच म्हणाले, "हो."