ख्यांतोपिशीची अळत्याची वाटी

ख्यांतोपिशीच्या आईबापांना एकामागून एक मुलीच झाल्या. पाचवी झाली तेव्हा तिचं नाव ठेवलं ख्यांतोमणी, म्हणजे 'देवा, आता पुरे'. देवानं ऐकलं नाही, सहावीही झाली. पण पिशीनं आपलं नाव कधी मनावर घेतलं नाही. तिला कशाचंच कधी पुरे झालं नाही, बोलण्याचं तर नाहीच.

पिशी, म्हणजे बंगालीत आत्या, ही आमच्या हरिशपुरातली न्हावीण. नवरा गोवर्धन शील गंगेच्या घाटावर पुरुषांची डोकी भादरायचा आणि पिशी घरोघर फिरून बायकांची नखं काढायची, टाचा घासायची, पावलांना अळता लावायची. तिच्या धोपटीत नराणी, वज्री, पितळेची अळत्याची वाटी आणि सगळ्या गावाच्या भानगडी असत. पाय एकदा तिच्या हातात सापडला की सुटका नसे. ती हसवायची आणि हसवता हसवता पोटातलं काढून घ्यायची.

अशाच एका दुर्गापूजेच्या आधी मुखुज्ज्यांच्या ओसरीवर बायका पाय लांब करून रांगेत बसल्या होत्या. रांगेच्या टोकाला तरुलता येऊन बसली. मुखुज्ज्यांची धाकटी लेक, वय अकरा, विधवा होऊन चार महिने झालेले. पाय स्वच्छ धुऊन तिनं पुढे केला होता. पिशीनं वाटीच्या कडेनं तो मागे ढकलला.

"आत घे गं. तुला रंग लावला, तर तुझा नवरा मसणातून उठून बघायला यायचा."

सगळी रांग हसली. माझी आईही हसली. हे तिनंच मला पुढे सांगितलं, मान खाली घालून. तरुनं पाय बिनकाठाच्या लुगड्याखाली ओढून घेतला आणि पुन्हा त्या रांगेत कधी बसली नाही.

पुढे ती शिकली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. रस्त्यात भेटली की "पिशी, बरी आहेस ना?" म्हणायची. पिशी गावभर वटवट करणारी बाई, पण तिच्यापुढे "हो गं" म्हणून गल्ली बदलायची. अशी तेवीस वर्षं गेली.

मग शाळेच्या हेडबाईंनी गावाला धक्का दिला. त्यांना सगळे बडोमा म्हणत. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी ट्रंक उघडली आणि तळाशी ठेवलेली भगवी वस्त्रं बाहेर काढली. तरुणपणी काशीला एका वृद्ध संन्यासिनीनं त्यांना दीक्षा दिली होती आणि बजावलं होतं, "एकटीनं नेसू नकोस. सोबत मिळेपर्यंत थांब." चाळीस वर्षं थांबून त्यांना सहा जणी मिळाल्या होत्या. घाटाजवळचं जुनं घर घेऊन त्यांनी बायकांचा मठ काढला. तिथे दीक्षा देणार बाईच, पूजा करणार बाईच, कारभारही बाईच बघणार. आणि जपाइतकंच महत्त्व शाळेला नि दवाखान्याला.

आमचे पंडित तर्करत्न मोशाय घाटावर सर्वांदेखत म्हणाले, "सात बायका एका चुलीवर? महिन्याभरात दोन मठ होतील."

बडोमा म्हणाल्या, "दोनच ना? गावात पंडित तुम्ही दोघंच, तरी तुम्हाला एक घाट पुरत नाही."

त्या सहा जणींत तरु होती. दीक्षेच्या आदल्या दिवशी मुंडण करायचं, आणि मठात पुरुष न्हावी नको, म्हणून बोलावणं आलं ख्यांतोपिशीला. तिनं जन्मात वस्तरा धरला नव्हता. सराव कुणावर करणार? गोवर्धनवर. त्या महिन्यात त्याचं तीनदा मुंडण झालं. पहिल्यांदा लोकांनी विचारलं, "कोण गेलं?" दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनी सांत्वनाला फळं आणली. तिसऱ्यांदा घाटावरचा भटजी रुसला, याच्या घरी एवढी माणसं मरतात आणि श्राद्धाचं आमंत्रण एकही नाही.

त्या दिवशी धोपटी भरताना पिशीनं अळत्याची वाटी आत टाकली. गोवर्धननं डोक्यावरच्या जखमा चोळत विचारलं, "संन्यासिनीला अळता? अक्कल गहाण टाकलीस की काय?"

"संन्यासीण उद्या व्हायची. आज ती तरुच आहे. एकदा लावीन, तिची माफी मागीन, मग खुशाल धुऊन टाकू दे. उद्यापासून मागायची कुणाकडे?"

मठाच्या अंगणात पाच डोकी रक्त न सांडता झाली. तरु शेवटची. केस उतरले, पिशीनं नखांसाठी तिचा पाय मांडीवर घेतला. तेवीस वर्षांनी. एका हातात पाय, दुसरा हात धोपटीत, वाटीवर. तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून जे हजार बायकांना आजवर ऐकवलं होतं तेच बाहेर पडलं.

"अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट मोठं! नवऱ्याला मुठीत ठेवणारी गं."

सगळ्यांनी तरुकडे पाहिलं. मग तरुच हसली. अगदी मोकळी, पोट धरून. बाकीच्याही हसल्या. "पिशी, तू काही बदलायची नाहीस," ती म्हणाली. तेवढ्यात घंटा झाली. सहाही जणी स्नानाला उठल्या. त्यानंतर प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं स्वतःचं श्राद्ध करायचं होतं. पिशीचा हात धोपटीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी होम आटोपल्यावर ती वाटी घेऊन धावत आली. भगव्यातल्या सहा जणी दारात उभ्या होत्या.

"तरु, जरा थांब."

"तरु काल गेली, पिशी. मी निष्ठामाता."

"माझं तिच्याकडे काम होतं." पिशीनं पदराखालची वाटी दाखवली.

निष्ठामातांनी वाकून वाटीतला लाल रंग पाहिला. "तिला फार आवडलं असतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वसतिगृहात सात मुली आहेत. त्यांतल्या दोघी विधवा आहेत. त्यांना लावशील?"

पिशीनं लावला. त्या दिवशी आणि मग दर गुरुवारी, सगळ्या मुलींना, कोण विधवा नि कोण नाही हे न विचारता. विधवांना रंगवणारा हात आम्हाला नको, असं म्हणून गावातली चार मोठी घरं तिला बंद झाली. मुखुज्ज्यांचं त्यांत पहिलं.

बऱ्याच वर्षांनी एकदा आईचे पाय रंगवायला ती आली होती. मुरमुरे खाता खाता मी म्हटलं, "पिशी, आता तरी तरुचं देणं फिटलं म्हण. शंभरेक पोरींचे पाय झाले असतील."

तिनं आईचं पाऊल जरा वर उचलून न्याहाळलं, पुन्हा खाली ठेवलं.

"पायात पाय मिसळत नाही रे, राहिला तो राहिलाच," ती म्हणाली. "माझ्या हाताला कळतं."

आईनं दुसरा पाय पुढे केला. त्या ओसरीवरच्यासारखं आज दोघींपैकी कुणीच हसलं नाही.