तिकिटावरची सकाळ

आनंदराव मास्तरांनी कामठीच्या शाळेत उभी हयात गणित शिकवलं, आणि त्यातला निम्मा काळ तरी मुलांच्या डोक्यात आगगाड्या पळवण्यात गेला. एक गाडी नागपूरहून निघाली, दुसरी वर्ध्याहून; सांगा, भेटतील कुठं? निवृत्त होऊन नागपूरच्या मनीषनगरात राहायला आले तरी खोड गेली नाही. पुस्तकाच्या मागच्या पानावरचं उत्तर आधी पाहणाऱ्या पोरावर ते जितके चिडत, तितके गृहपाठ न करणाऱ्यावरही चिडत नसत.

लेक अदिती चार वर्षांपूर्वी टोरांटोला गेली. तेव्हापासून मास्तरांचे पाय संध्याकाळी फिरायला निघाले की विमानतळाकडे वळायचे. प्रवासी बाहेर येतात त्या दारासमोर उभं राहून ते दुसऱ्यांच्या लेकी येताना बघायचे. एखादा बाप उशिरा धावत आला, की मास्तर त्याला मनातल्या मनात बाकावर उभं करायचे. आपली पोर येईल तेव्हा तिला पहिला चेहरा आपलाच दिसला पाहिजे, एवढी एकच हौस त्यांनी धरली होती. ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. सिंधूताईंना अर्थातच ती ठाऊक होती.

शेवटी पोर यायची ठरली. तिनं मोबाइलवर तिकीट पाठवलं, त्यावर नागपूर, सोमवार, सकाळी साडेआठ असं स्पष्ट लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाला तेवढं पुरलं असतं. मास्तरांनी चष्मा चढवला आणि पाठकोरा कागद ओढला. टोरांटो आपल्या मागं साडेदहा तास. तिकीट काढलं टोरांटोत, तेव्हा त्यावरची वेळही टोरांटोचीच. साडेदहा मिळवा, आले संध्याकाळचे सात.

तिकिटावर तर सकाळ लिहिली आहे, असं सिंधूताईंनी सुचवून पाहिलं. ती तिथली सकाळ, मास्तर म्हणाले. त्यांनी ताळाही करून पाहिला. विमान दिल्लीत बदलायचं होतं. दिल्ली ते नागपूर पावणेदोन तास, अगदी बरोबर. टोरांटो ते दिल्ली मात्र चांगला अख्खा दिवस लागत होता. तिथं मास्तर जरा अडखळले, मग वारा समोरून असेल म्हणून पुढं सरकले. कामठीच्या एखाद्या पोरानं असला वारा मध्ये आणला असता, तर मास्तरांनी त्याला तासभर वर्गाबाहेर काढलं असतं.

शेजारचा उन्मेष विमानतळालगतच्या मिहान उद्योगनगरीत नोकरीला होता. विमान कुठवर आलं ते मोबाइलवरच दिसतं, दाखवू का, असं त्यानं विचारलं. मास्तर दुखावले. मागचं पान बघून गणित सोडवायचं नसतं, असं त्यांनी त्याला बजावलं. उन्मेष शहाणा, त्यानं मोबाइल खिशात टाकला.

सोमवारी सकाळी सिंधूताई वांगी आणायला गेल्या. अदितीनं रोडगे मागितले होते. कणकेचे गोळे गवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. मास्तर बनियन-लुंगीवर गच्चीत उन्हाला बसून गवऱ्या रचत होते. फोन खाली होता, संध्याकाळसाठी इस्त्री करून टांगलेल्या सदऱ्याच्या खिशात. तो खिशातच वाजून वाजून थकला.

जिन्यावर पावलं वाजली. मास्तरांनी मान वर केली, तर समोर अदिती. विमानतळावर बराच वेळ वाट पाहून, फोन लावून लावून ती टॅक्सीनं घरी आली होती.

मास्तर हातात गवरी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिले. तू आत्ता कशी, असं त्यांनी विचारलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"बाबा," अदिती हळूच म्हणाली, "जिथं उतरायचं, तिकिटावर तिथलीच वेळ राह्यते."

मास्तरांनी हातातली गवरी ढिगावर ठेवली. लेक चार वर्षांनी समोर उभी होती, तिला जवळ घ्यायचंही त्यांना सुचेना. "रोज जात होतो गा मी तिथं," ते कुणाला उद्देशून म्हणाले कोण जाणे. "अन् आजच नाही गेलो."

एवढ्यात सिंधूताई वांगी घेऊन वर आल्या. त्यांनी आधी पोरीला पोटाशी धरलं, तिचे गाल कुस्करले, मग नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"रोडगे व्हायले अजून दोन तास हायेत," त्या म्हणाल्या. "तोवर तुमी दोघं जाऊन या विमानतळावर."

अदिती दोन रात्रींची जागी होती. तिनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि जिना उतरून बॅग उचलली. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला. कुणाला घ्यायला चाललात, असं ऑटोवाल्यानं विचारलं. मुलीला, मास्तर म्हणाले. शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहून त्यानं ऑटो सुरू केला.

विमानतळावर अदिती बॅग ओढत प्रवासी बाहेर येतात त्या दारापर्यंत गेली. आत तर कुणी सोडणार नव्हतं. मुंबईच्या विमानाची माणसं बाहेर पडू लागली तशी ती त्यांच्यात मिसळली आणि त्यांच्याबरोबर चालत आली, इकडं तिकडं बघत, कुणी घ्यायला आलंय का म्हणून शोधत. मास्तर सगळ्यांच्या पुढं उभे होते. तिनं त्यांना पाहिलं आणि हात हलवला.

इतकी वर्षं मास्तर इथं बघे म्हणून उभे राहिले होते. आलेल्या माणसाशी काय बोलायचं असतं, ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी बॅग तिच्या हातातून घेतली, दुसऱ्या हातानं तिचं डोकं छातीशी ओढलं.

"किती उशीर केला वं बेटा," ते म्हणाले.