समोर तोंड केलेल्या सीटा

"अबे भोक नको पाडू, गाडी हाये थे, चाळणी नाही!"

बाबा ओरडत होते. अमरावतीच्या गॅरेजात मिस्त्री ड्रिल मशीन घेऊन आमच्या जीपखाली आडवा पडला होता, आणि बाबा असे उभे होते की जणू भोक पत्र्याला नाही, त्यांच्याच बरगडीला पडणार आहे.

जीप माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मोर्शीजवळच्या आमच्या बागेत तिचा हॉर्न वाजला की रिद्धपूरचे लोक रस्ता सोडत, हे मी आजही शपथेवर सांगतो. तिनं इतकी संत्री वाहिली की एका रांगेत मांडली असती तर चंद्रावर गेली असती, आणि तिथंही भाव पडलेला पाहून परत आली असती. माणसांसाठी मात्र मागं दोन आडवी बाकडी, समोरासमोर. तिथून दिसायचे ते समोरच्याचे गुडघे, आणि मान वळवली तर मागं पळणारा रस्ता. आई लग्न होऊन आली तेव्हापासून तिथंच बसली. आमच्याकडं पुरुष समोर, बाया मागं पिशव्यांसोबत. हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून मोडायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

आडवं बसलं की तिला उलट्या होत. एकदा भातकुलीच्या लग्नाला जाताना तिनं रस्ताभर किती पिशव्या भरल्या, ते मी मांडवात दसपट करून सांगितलं. मांडव हसला. तीही पदराआड हसली.

मग तिची किडनी बिघडली. दर पंधरा दिवसांनी अकोल्याचा दवाखाना. पोचेपर्यंत ती ओकून ओकून अर्धी व्हायची. एका खेपेनंतर म्हणाली, मले नाही जमत आता, घरीच राहू द्या. ती जायचंच बंद करणार, हे दिसत होतं. तेव्हा मी पेटलो.

अकोल्याच्या भंगारातून एका मोडक्या कारच्या दोन सीटा आणल्या. आडवी बाकडी काढून त्या समोर तोंड करून बसवायच्या. पण चाकांवरच्या फुगवट्यांमध्ये त्या मावेनात, म्हणून खाली लोखंडी अँगलची चौकट. चौकट हलू नये म्हणून पत्र्यातून बोल्ट, आणि त्या बोल्टांवरून बाबांचा तो तमाशा. माप द्यायला मी बसलो, सहा फुटी. नंतर आई बसली तर तिचे पाय अंगणवाडीतल्या पोरीसारखे लोंबकळले. मग पायाखाली पेटी वेल्ड केली. यात दोन महिने गेले. तेवढ्या काळात अकोल्याच्या चार खेपा झाल्या. जुनी बाकडी तात्पुरती टाकून ती आडवीच गेली, आणि मी समोर बसून फोनवर मिस्त्रीला मापं सांगत होतो.

सीटा झाल्या. पाचव्या खेपेला बडनेरा सोडल्यावर मी वळून पाहिलं. आई समोरच्या आम्हा बापलेकांच्या मधून काचेकडं बघत होती. मूर्तिजापूर आलं, पिशवी कोरडीच.

"रस्ता आपल्याकडं येऊन राहिला रे," ती म्हणाली. "मले तं तो जातानीच दिसे."

विमानाच्या सीटा आहेत त्या, खास मागवल्या, असं मी ठोकून दिलं. तिनं मान डोलावली, म्हणजे पटलं नव्हतं.

त्या खेपेला दवाखान्यानं तिला ठेवून घेतलं. नवव्या दिवशी ती अँब्युलन्समध्ये आडवी होऊन घरी निघाली. मागून आम्ही, जीपमध्ये. बाबा चालवत होते, मी बाजूला. मागच्या दोन्ही सीटा रिकाम्या. बडनेऱ्याच्या अलीकडं कुठंतरी मला ते कळलं. भंगार पालथं घातलं, लोखंड कापलं, मिस्त्रीशी भांडलो, आणि मी बसलो होतो ती सीट पहिल्या दिवसापासून रस्त्याकडंच तोंड करून होती. त्यानंतर घर येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. मला ओळखणाऱ्यांना हीच थाप वाटेल.

तेरवी झाल्यावर बाबांना विचारलं, "मले उठवून तिले समोर काहून नाही बसवलं तुमी?"

बाबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

"मी म्हटलं होतं तिले," ते म्हणाले. "थे म्हणे, पोराले समोर बसाले आवडते."