टेप चालूय, गप बसा

सास्तूरच्या स्टँडवर उमरग्याची एसटी येऊन उभी राहिली, माझ्या दोन बॅगा आत गेल्या, अन् बाबांनी खिशातनं मोबाईल काढून माझ्या तोंडापुढं धरला. "बोल काहीतरी." मी म्हणलं, "चालू झालं का?" ते म्हणले, "झालं." मग मला काही सुचेचना. मागनं कंडक्टर म्हणतोय, "ताई, रेडिओवर नंतर या, आधी गाडीत या." शेवटी मी म्हणलं, "पोचले की फोन करते," अन् चढले. हैदराबादच्या नोकरीला मी निघाले ती अशी.

आमच्या घरातनं कुणीबी लांब निघालं की बाबा त्याचा आवाज भरून घेतात. फोटो न्हाय, आवाज. आई म्हणते, "मी दोन दिवस माहेरी चालले तरी मोबाईल पुढं करतेत, जसं काय दुबईलाच चाललेय."

कारण सगळ्यांना माहितीय, कुणी बोलत नाही. बाबांची मोठी बहीण मंदाकिनी, माझी आत्या, त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. घरासोबत फोटोबी गेले. बाबा तेव्हा शाळकरी होते. एकदा मी त्यांच्या मागं मोटरसायकलवर बसले होते, जुन्या गावाजवळ, जिथं आता नुसत्या वेड्या बाभळी आहेत, तिथं त्यांनी गाडी हळू केली अन् म्हणले, "तोंड आठवतंय गं तिचं. आवाज आठवंना गेलाय." बस्स, एवढंच. माझं नाव तिचंच ठेवलंय. त्यामुळं ऑफिसात सगळे मला विचारतात, तुझ्या आज्जीचं आयडी कार्ड घालून आलीस का.

तर आता मेन गोष्ट, अन् हे मी आपल्या गावच्या ग्रुपवर मुद्दाम लिहितेय, गावात राहिलेल्यांनी वाचा अन् पुण्या-हैदराबादला गेलेल्यांनी तर वाचाच.

मला जुन्या गोष्टींचं याड आहे. सुट्टीच्या दिवशी पोरी मॉलला जातात, मी यूट्यूबवर कुणीतरी भंगारातनं उचलून टाकलेल्या जुन्या जाहिराती, लग्नाच्या कॅसेटी, रेडिओची खरखर असलं बघत बसते. एका रविवारी दुपारी माझी रूममेट सना, उमरग्याचीच आहे, रील बघत होती. ती 'झपाटलेली कॅसेट' वाली रील, तुम्हीबी बघितली असणार. जुनं गाणं चालू, खरखर, अन् मधेच एकदम कानाजवळ एक बाई म्हणते, "माझाबी आवाज येऊ दे की," अन् हसते. पोरी तोंडाला पावडर फासून त्यावर ओठ हलवतात.

सनानं रील थांबवली अन् माझ्याकडं बघितलं. "मंदे, हे कधी केलंस गं? मला न सांगता?"

मी म्हणलं, मी न्हाय केलं. ती म्हणली, "मग कुणीतरी तुझा आवाज चोरलाय. एआयनं करतेत आता."

खरंच माझा आवाज होता. तो शेवटचा 'की' मी जसा ओढते तसाच ओढलेला.

मग मी शोधत बसले. मूळ ऑडिओ एका चॅनलवर सापडला, तो माणूस जुन्या बाजारातनं कॅसेटी घेऊन जशाच्या तशा अपलोड करतो. कव्हरचा फोटो होता. निळ्या पेनानं लिहिलेलं, 'सास्तूर, मिक्स गाणी'.

आता आपल्याकडं तेव्हा काय करायचे, हे बाबांनी शंभरदा सांगितलंय. कॅसेट विकत घेणं परवडायचं न्हाय, मग रेडिओपुढं टेप ठेवायचा, गाणं लागलं की लाल बटण दाबायचं अन् घरातल्या सगळ्यांनी तोंडं बंद ठेवायची. कुणी शिंकलं तरी ते गाण्यात. अजूनबी घरात गाणं लागलं की बाबा कुणाला बोलू देत न्हाईत. अन् त्या भरलेल्या कॅसेटींतली एक उमरग्याचा कुणी पाव्हणा ऐकायला म्हणून घेऊन गेला, परत दिलीच न्हाय. बाबा त्याला अजून शिव्या देतात.

मी हेडफोन लावून सगळं ऐकलं. रीलमध्ये कापलेला भाग त्यात होता. गाणं चालूय, लांबून कुणीतरी बाई ओरडते, "मंदे, ए मंदे, दूध बघ." मग एक पोरगं दबक्या आवाजात, "गप की, टेप चालूय." अन् मग एकदम जवळ, "भुंग्या, माझाबी आवाज येऊ दे की." हसणं. गाणं पुढं.

माझ्या नावानं हाक, अन् मीच उत्तर देतेय. मी जन्मायच्या कितीतरी आधी.

तेच वाक्य मी मोबाईलवर बोलून बघितलं. सनानं दोन्ही एकामागं एक लावलं अन् विचारलं, "आता यात तू कुठली?" मला सांगता येईना. खरंच येईना.

पण मला वेगळीच भीती. बाबा दिवसभर रील बघतात. बहिणीचा आवाज त्यांना भुताची मस्करी म्हणून ऐकू आला तर? अन् सास्तुरात मंदा काय एकच होती का? दुसऱ्या कुणाची निघाली तर बाबांना परत एकदा तेच सोसायला लावायचं? आठवडाभर मी फोनवर नुसतं "जेवले का" एवढंच विचारलं. शनिवारी गाडीत बसले अन् घरी आले.

बाबा दारात शेंगा फोडत बसले होते. मी काही न सांगता लावलं. आवाज आला तसं ते माझ्याकडं बघायला लागले, अन् त्यांचं तोंड उतरलं. "तूच बोललीस न्हवं हे? मला बरं वाटावं म्हणून?"

"न्हाय बाबा, शपथ."

"मंदे, असलं करू नये."

मी परत लावलं. दुसऱ्यांदा 'भुंग्या' आलं तसा त्यांचा हात सुपातच थांबला. आतनं आई म्हणली, "भुंग्या कोण?" लग्नाला इतकी वर्षं झाली, तिलाबी माहीत न्हवतं. बाबा म्हणले, "मी. ती एकटीच म्हणायची." मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी बोट वर केलं. "गप की, टेप चालूय."

ते त्या पोराच्याच आवाजात बोलले, हे मी लिहिलं तर तुम्ही हसाल. पण मी तिथं होते.

मग सूप बाजूला सारून म्हणले, "त्या पाव्हण्याला आता शिव्या देऊ का पाया पडू?"

रविवारी परत स्टँडवर आलो. बाबांनी मोबाईल काढलाच न्हाय. मी म्हणलं, "आज न्हाय का भरायचा?" ते म्हणले, "आहे की तुझा. तिच्यापाशीच ठेवलाय."

तर ती रील कुणी पुढं पाठवू नका, भूत न्हाय ते, आमच्या घरची आहे. अन् मला सगळे विचारतात, तुझं घर कुठलं, नवं सास्तूर का जुनं का हैदराबाद. माझं घर त्या गाण्याच्या मधे आहे, जिथं कुणीतरी मला दूध बघायला सांगतंय, अन् मी अजून उठलेली नाही.