गडाच्या दारातली माती

मिठाच्या सत्याग्रहाआधीची दोन वर्षं मी मँचेस्टरला कापडगिरणीचं काम शिकत होतो. सोलापुरातून निघताना वडिलांनी, म्हणजे आबांनी, माझ्याकडे काहीच मागितलं नाही. मला मात्र पत्रातून ऐट मिरवायची भारी खोड. सुट्टीत वर्गातल्या दोघा गोऱ्या मुलांबरोबर वेल्समधले किल्ले बघायला जाणार, असं मी कळवलं. उलट टपाली आबांनी लिहिलं, जाशील त्या गडाच्या दारातली चिमूटभर माती आण.

ही आमच्या घरची रीत. आमचे पूर्वज कुठल्याशा गडाच्या दरवाजावर पहारेकरी होते म्हणे. घरातलं कुणीही किल्ला बघायला गेलं की दारातली माती आणायचं. ती देवघरातल्या गाडग्यात पडायची आणि पेरणीआधी आबा त्यातली कणभर बियाण्यात मिसळायचे.

कॉनवेचा किल्ला खाडीच्या काठावर, आठ गोल बुरुजांचा. सगळं बघून निघताना मी दारापाशी वाकलो. "काही पडलं का?" सोबत्यानं विचारलं. "बुटाची नाडी," मी म्हणालो, आणि चांगली घट्ट असलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. माती तिथंच राहिली. कार्नार्व्हनलाही तेच नाटक. पुढे इंग्लंडात वॉरिकच्या दारात तर मी वाकलोच नाही. शेतकऱ्याचं पोर मी, आणि चार माणसांत मातीला हात लावायला लाजत होतो.

परतताना सोलापूरच्या अलीकडचं जेऊर स्टेशन येईपर्यंत ती माती माझ्या डोक्यातही नव्हती. तिथं गाडी थांबली तसा खाली उतरलो आणि कुंपणापलीकडच्या रानातली मूठभर माती रुमालात बांधली. कुणाला काय कळतंय, असं मनाशी म्हटलं.

घरी शेजारीपाजारी जमले होते. आबांनी सगळ्यांसमोर हात पुढे केला. रुमालातली माती तळहातावर घेऊन त्यांनी अंगठ्यानं चोळली आणि अंगठा मध्येच थांबला. मातीत ज्वारीच्या धसकटाची काडी होती. ती त्यांनी हळूच मुठीत दडवली.

"विलायतेची माती बी आपल्यावानी काळीच हाय की," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. लोक एकेक करून त्या मातीला हात लावून नमस्कार करू लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मंडळी गेल्यावर आबांनी ती काडी माझ्यासमोर ठेवली.

"कुटली हाय?"

"जेऊरची."

"जेऊरला वाकलास की मग. तितं का न्हाय वाकलास?"

"लाज वाटली."

"कुणाची रं?"

लाज आबांचीच वाटली होती. त्यांच्या तोंडावर मला ते सांगवेना. आबांनी माती अंगणातल्या तुळशीत टाकली, रुमाल झटकून माझ्या हातात दिला. त्यानंतर मी पुष्कळ किल्ले पाहिले, पण माती आण असं ते मला पुन्हा कधी म्हणाले नाहीत.